बिऱ्हाड कोठे करावे? असोदा की जळगावची उपनगरे

बिऱ्हाड कोठे करावे, हा प्रश्न आमच्या लोकांत अद्याप खासगी समजला जातो. घरातील कर्ता पुरुष दोन-चार ओळखीच्यांस विचारतो, दलालाबरोबर एका रविवारी जागा पाहून येतो, आणि बयाणा देऊन घरी आल्यावर मंडळींस निकाल ऐकवितो. वास्तविक पाहता हा निकाल कुटुंबाच्या पुढील वीस-पंचवीस वर्षांचा असतो. मुलांची शाळा, वृद्धांचे औषधपाणी, स्त्रियांचे जाणे-येणे आणि जन्मभराची शिल्लक ही सारी त्या एका निर्णयावर टांगलेली असतात. म्हणून या विषयाचा जाहीर विचार करणे आम्हांस अवश्य वाटते.

सांप्रत जळगावातील पुष्कळ मध्यम स्थितीच्या कुटुंबांपुढे हा पेच आहे. जुने जळगाव, नवी पेठ, बळीराम पेठ हे भाग व्यापाराने आणि वस्तीने भरून गेले आहेत. मग पश्चिमेस पिंप्राळा, दक्षिणेकडे तलावाकाठचे मेहरूण, की शहराची हद्द ओलांडून असोदा? पहिली दोन एके काळी स्वतंत्र गावेच होती. आज ती महानगरपालिकेच्या पोटात आहेत. असोदा मात्र दोन कोसांच्या आत असूनही ग्रामपंचायतीचे गाव आहे. वरवर पाहता हा भेद अंतराचा दिसतो. खरा भेद कारभाराचा आहे, आणि त्याची चौकशी क्वचितच कोणी करतो.

असोद्याची बाजू दुबळी नाही. गाव जुने, सधन आणि कष्टाळू. तेथील काळ्या जमिनीतील भरताच्या वांग्यांचा लौकिक खानदेशात कोणास सांगावयास नको. जळगावच्या भरीत वांग्यास सन २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. शहराच्या मानाने जागा मोकळी, शेजार ओळखीचा, भाजी दाराशी. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो तेव्हा अंगणातील एका निंबाची किंमत चौथ्या मजल्यावरील बिऱ्हाडकरूस विचारावी. उलट पक्षी, वाटेत भुसावळकडे जाणारा लोहमार्ग ओलांडावा लागतो. ज्याचा गाळा दाणाबाजारात आहे त्याचे एक वेळ निभेल. पण ज्याची नोकरी गिरणेपलीकडे विद्यापीठात आहे, त्यास रोज सारे शहर आडवे कापावे लागेल. त्यास पिंप्राळाच सोयीचे. औद्योगिक वसाहतीत वा अजिंठा रस्त्यावरील बाजार समितीत ज्याचे काम, त्याने प्रथम मेहरूणकडे पाहावे. जागा रविवारी पाहू नये. सोमवारी सकाळी शाळेच्या वेळेस आणि एकदा भर पावसात पाहावी. त्या दोन फेऱ्या दलालाच्या दहा वचनांहून अधिक खरे सांगतात.

आता पाण्याचा विचार. शहरास वाघूर धरणाचे पाणी नळाने मिळते. ते किती दिवसांआड व किती वेळ, हे त्या त्या गल्लीतील गृहिणीसच विचारावे. शहराच्या हद्दीबाहेरील नव्या वस्तीने हे पाणी गृहीत धरू नये. तेथे ग्रामपंचायतीची योजना कोठवर पोहोचली आहे आणि कूपनलिकेचे पाणी ज्येष्ठात किती टिकते, ते पाहावे. काळ्या मातीचाही एक गुण ध्यानी धरावा. जी माती वांगी पिकविते तीच पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पायाचे घर तिच्यावर तडकल्यावाचून राहत नाही. स्वस्त प्लॉटावर वाचलेला पैसा पायातच घालावा लागतो.

कायद्याच्या बाबतीत आम्हांस थोडे कठोर बोलावे लागते, कारण या व्यवसायात फसलेली माणसे आमच्यापुढे नित्य येतात. शेतात चुन्याच्या रेघा मारल्या, कमान उभारली, कोणा देवाचे नाव वसाहतीस दिले, की ती वसाहत झाली, असा पुष्कळांचा समज आहे. दस्त नोंदला म्हणजे मालकी सिद्ध झाली, हा दुसरा भ्रम. नोंदणी दस्ताची होते; विकणाऱ्याचा हक्क खरा की खोटा, हे ती सांगत नाही. सातबारा व फेरफार पाहावेत, तीस वर्षांचा शोध घ्यावा, रेखांकन सक्षम अधिकाऱ्याने मंजूर केले आहे काय ते तपासावे, आणि रस्ता व मोकळी जागा कागदावर कोणाच्या नावे आहे हे विचारावे. जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा सन १९४७ चा कायदा काही क्षेत्रांपुरता शिथिल झाला असला, तरी आपला गट त्या क्षेत्रात येतो की नाही, हे पाहिल्यावाचून गुंठेवारीने खरेदी करणे म्हणजे तंटा विकत घेणे होय. प्रकल्प मोठा असेल तर सन २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखाली त्याची नोंदणी आहे काय, हे घरबसल्या पाहता येते. शंभर रुपयांची डाळ घेताना मूठभर दाणे हातावर घेऊन पाहणारा आमचा व्यापारी लाखांच्या जमिनीचा कागद न वाचता सही करतो, यास काय म्हणावे?

परंतु सर्वांत मोठा दोष कागदात नाही, तो आमच्या रीतीत आहे. ज्या घरात स्त्री दिवसाचे बहुतेक तास घालविणार, ते घर निवडताना तिचे मत घेतले जात नाही. याच असोद्यात सन १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई तेराव्या वर्षी विवाह होऊन जळगावास चौधरींच्या वाड्यात आल्या. गाव बदलताना त्या मुलीस कोणी विचारले नव्हते. त्या काळी कोणत्याच मुलीस विचारीत नसत. तिशीत वैधव्य आले, तरी अक्षरओळख नसलेल्या त्या माउलीने शेत आणि घर दोन्ही सांभाळले, आणि तिच्या मृत्यूनंतर सन १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेली तिची गाणी आज महाराष्ट्राचे धन आहेत. सन २०१८ पासून येथील विद्यापीठ तिचे नाव धारण करिते. नाव देणे सोपे. तिच्या लेकी-नातींस घर निवडताना विचारणे मात्र अद्याप अवघड! रात्री परतताना रस्त्यावर दिवा आहे काय, मुलगी एकटी सायकलीवर शाळेस जाऊ शकेल काय, प्रसंग पडल्यास दवाखाना किती दूर, हे प्रश्न तीच विचारील. केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत सन २०२१ पासून सरकारने दिली आहे. केवळ सवलतीसाठी तिचे नाव घालून मत मात्र न विचारणे, ही तर शुद्ध लबाडी होय.

कोणी म्हणेल, ‘आम्ही आपल्या माणसांत राहू, तोच मोठा आधार.’ आधार खरा. पण ‘आपली माणसे’ म्हणजे आपल्या जातीची, असा त्याचा अर्थ घेऊन दुसऱ्यास बिऱ्हाड नाकारणारे थोडे नाहीत. आग लागली असता घागर घेऊन धावणारा शेजारी आपली जात विचारून धावत नाही. ज्या वस्तीत सर्व प्रकारचे लोक नांदतात, तेथे वाढलेली मुलेच उद्या बाजारात आणि देशात शहाणपणाने वागतील.

शेवटी, आमचा कौल कोणत्या बाजूस? ज्यास नळाचे पाणी आणि बांधकामाच्या परवानगीची स्पष्टता प्रथम हवी, त्याने शहराच्या हद्दीत राहावे, आणि त्यासाठी जागा थोडी अपुरी पडली तरी सोसावी. ज्याचे काम शहराच्या पूर्वभागात आहे, ज्यास अंगण हवे आहे, आणि जो गावाच्या कारभारात स्वतः लक्ष घालण्यास तयार आहे, त्यास असोदा खुशाल पसंत पडावे. तयारी नसेल तर मात्र तेथे जाऊ नये. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरते. तेथे नवा रहिवासी बसेल तर गटार होईल, दिवा लागेल. तो शहराकडे तोंड करून केवळ निजावयास गावी येईल, तर वांग्याचे शेत जाईल आणि त्याच्या जागी धड गावही उरणार नाही, धड शहरही नाही. स्थानिक स्वराज्याचा ठराव रिपनसाहेबांनी सन १८८२ मध्ये केला; आज तर राज्य आपलेच आहे. ते आपल्या दारापुढील गटारापासून चालविण्याची ज्याची तयारी, त्यास असोदा काय आणि पिंप्राळा काय, दोन्ही गावे सारखीच सुखाची होतील.