मनाचा तोल आणि उत्तेजक गोळी

आमच्या कोरगावात एखादा माणूस रात्र रात्र जागू लागला, वाजवीपेक्षा अधिक बोलू लागला, की पहिला संशय देवचारावर जातो. माझ्या बाबतीतही तो गेला. विसाव्या वर्षी मी ओळीने पाच रात्री झोपलो नाही, तेव्हा आईने कमळेश्वराच्या देवळात गाऱ्हाणे घातले आणि दुसऱ्याच दिवशी मला म्हापशाच्या बसमध्ये घालून पुढे बांबोळीला नेले. (बांबोळीचे हे मनोरुग्णालय पूर्वी पणजीला आल्तिनोवर होते आणि त्याला कांदोळीत जन्मलेल्या, संमोहनविद्येत जगभर नाव झालेल्या आबे फारियांचे नाव होते.) तेथे निदान झाले ते द्विध्रुवीय विकाराचे. यात मन काही काळ उन्मादाच्या टोकाला जाते, काही काळ खिन्नतेच्या, आणि मधले कित्येक महिने माणूस तुमच्याआमच्यासारखाच असतो.

मला लिथियम सुरू झाले. हा एक साधा क्षार. उन्मादावरील त्याचा गुण 1949 मध्ये ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी दाखवून दिला. दोन वर्षे मी ठीक होतो, म्हणून शहाणपणा करून गोळ्या सोडल्या. पुढे घाट चढून शिकायला आलो आणि वेगळाच त्रास जाणवू लागला. पुस्तकाचे एक पान संपेपर्यंत मन चार ठिकाणी फिरून येई. लहानपणापासूनची ही खोड. एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मिथाइलफेनिडेट लिहून दिले. पूर्वीच्या आजाराविषयी त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. यात अधिक चूक कोणाची, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

पहिला आठवडा स्वर्गाचा. तिसऱ्या आठवड्यात झोप तीन तासांवर आली, आणि आईच्या बांगड्या गहाण टाकून काजूची बाग मक्त्याने घेण्याचे मी पक्के केले! बांगड्या वाचल्या, पण वर्ष बुडाले.

असे का व्हावे? मेंदूतील पेशी डोपामिन आणि नॉरअॅड्रिनलिन ही द्रव्ये वापरून झाल्यावर परत ओढून घेतात. मिथाइलफेनिडेट ही ओढ रोखते, त्यामुळे द्रव्ये अधिक वेळ काम करतात आणि लक्ष टिकते. परंतु उन्मादातही डोपामिनचा जोर वाढलेला असतो असे मानतात. म्हणजे उतारावरच्या गाडीला ब्रेक नसताना आणखी ढकलण्यासारखेच ते झाले. स्वीडनमध्ये 2017 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हेच दिसले. मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध न घेता ज्या द्विध्रुवीय रुग्णांनी मिथाइलफेनिडेट घेतले, त्यांच्यात उन्मादाचा धोका पुष्कळ वाढला. ज्यांनी ते औषध सोबत घेतले, त्यांच्यात तो वाढलेला आढळला नाही.

म्हणजे ही गोळी विषच आहे असे नव्हे. आज मी दोन्ही औषधे घेतो, पण क्रम बदलला आहे. आधी लिथियमवर मन कित्येक महिने स्थिर राहिले. मग डॉक्टरांनी खात्री करून घेतली की लक्ष न लागण्याचे कारण खिन्नता, अपुरी झोप किंवा लिथियममुळे मंदावलेली थायरॉइड ग्रंथी हे नाही. त्यानंतर अगदी थोड्या मात्रेने उत्तेजक सुरू झाले, तेही सकाळीच घ्यायचे. नाडी, रक्तदाब आणि वजन पाहिले जाते. ही गोळी शेड्यूल एक्समधली असल्याने चिठ्ठीची एक प्रत दुकानदार ठेवून घेतो. मित्राच्या डब्यातली गोळी परीक्षेपुरती मागणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

लिथियमचा जाच निराळा. रक्तातले त्याचे प्रमाण साधारण 0.6 ते 1.0 च्या दरम्यान राखावे लागते, आणि तपासणीचे रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचे असते. मे महिन्यातल्या काजूच्या बागेत घाम गाळला, किंवा अळणी उपास धरला, की प्रमाण चढते. म्हणून आमच्या घरी पेजेत मीठ ठरलेले, आणि पाण्याची बाटली हातात. अंग दुखले म्हणून आयबुप्रोफेन घेणेही वर्ज्य. हात जोरात थरथरले, जुलाब झाले, चालताना तोल गेला, तर वाट न पाहता इस्पितळ गाठायचे. उर्राकाबद्दल मित्र दरवर्षी आग्रह करतात. मी नाही म्हणतो, आणि ते माझ्या वाटचेही पितात.

पण सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे भिंतीवरचे कालनिर्णय. त्यावर मी रोज झोपेचे तास लिहितो. लागोपाठ दोन रात्री झोप पाच तासांखाली गेली, तर उत्तेजक थांबवायचे आणि डॉक्टरांना फोन करायचा, हे मी बरा असतानाच डॉक्टर, आई आणि मी मिळून ठरवून ठेवले आहे. (ज्यांना तज्ज्ञ जवळ नाही त्यांच्यासाठी टेलिमानसचा 14416 हा क्रमांक आहे.) उन्मादात माणसाला आपण आजारी आहोत हे पटतच नाही. म्हणून फोन करण्याचा अधिकार मी आईला दिला आहे, आणि एकदा तिने तो, माझ्याशी कडाक्याचे भांडून, वापरला आहे.

जत्रेच्या रात्रीचे दशावतारी नाटक पहाटेपर्यंत चालते. मी संकासुर पाहतो, हसतो आणि घरी येऊन झोपतो. पुढचे आख्यान काय झाले ते आई सकाळी चहा करताना सांगते.