घरघर कुठून येते? जुन्या डेस्कटॉपबद्दलचे गैरसमज

दहा-बारा वर्षांपूर्वी जोडून घेतलेले डेस्कटॉप अजून कितीतरी घरांत आणि दुकानांत टॅली, सोसायटीचे हिशेब, मुलांचे ऑनलाइन फॉर्म असली कामं व्यवस्थित करतायत. तक्रार एकच, आवाज. त्यावर कुणी नवा संगणक घ्यायला सांगतं, कुणी पंख्यात तेल सोडायला. दोन्ही सल्ल्यांत पहिली पायरीच सुटलेली असते: आवाज नक्की कोण करतंय, हे आधी शोधायचं.

गैरसमज १ : संगणक जुना झाला की आवाज वाढणारच.

वस्तुस्थिती : प्रोसेसर, रॅम, मदरबोर्ड यांत हलणारं काहीच नसतं, त्यामुळे नुसत्या वयाने त्यांना घरघर लागत नाही. आवाज येतो तो फिरणाऱ्या वस्तूंचा: पंखे, हार्ड डिस्क, सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह. वयाबरोबर होतं ते इतकंच, की हीटसिंकमध्ये धूळ भरते आणि प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट सुकते. उष्णता अडली की मदरबोर्ड पंख्याला जोरात पळवतो.

कूलर वरून स्वच्छ दिसतो म्हणून फसू नका. वायर काढून, पंखा सोडवून पाहिलं तर खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर बोटाने सोलून निघेल असा राखाडी थर बसलेला असतो. तो मऊ ब्रशने आणि ब्लोअरने काढावा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती धरून ठेवावीत, नाहीतर पंखा भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावावी. इंटेलचा प्रोसेसरसोबत आलेला कूलर परत बसवताना चारही पिना समोरासमोरच्या जोडीने, 'टक' आवाज येईपर्यंत दाबायच्या आणि बोर्डाच्या मागून चारही पूर्ण बाहेर आल्यात का ते पाहायचं. एक जरी अर्धवट राहिली तरी कूलर तिरका बसतो आणि साफसफाईनंतर पंखा आधीपेक्षा जास्त ओरडायला लागतो.

गैरसमज २ : सगळीकडूनच आवाज येतोय, म्हणजे सगळे पंखे बदलायला हवेत.

वस्तुस्थिती : डेसिबलची बेरीज साधी नसते. एक पंखा ४० डेसिबलचा आणि दुसरा ३० चा असेल, तर दोन्ही मिळून ७० होत नाहीत; होतात जेमतेम ४०.४. म्हणजे ३० वाला पंखा काढून टाकला तरी कानाला फरक कळणार नाही. दोन्ही ४० चे असतील तर एक बंद केल्यावर फक्त ३ डेसिबल कमी होतात. म्हणून सर्वांत मोठा आवाज करणाऱ्यापासूनच सुरुवात करायची, बाकीच्यांवर केलेला खर्च तोवर वाया.

तो ओळखायला यंत्र लागत नाही. वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक कानाला लावा आणि दुसरं एकेका भागाजवळ न्या. फक्त फिरत्या पात्यांपासून लांब ठेवा. मदरबोर्डवर किंवा ग्राफिक्स कार्डवर ४० मिलिमीटरचा इवलासा पंखा असेल तर चिरका आवाज बहुधा त्याचाच. साध्या कामाला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मदरबोर्डला स्वतःचं डिस्प्ले पोर्ट असेल, तर कार्ड काढलं की प्रश्न मिटतो.

गैरसमज ३ : पंखे जितके जास्त, तितका आवाज जास्त.

वस्तुस्थिती : आवाज संख्येपेक्षा वेगावर ठरतो. एखाद्या पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. त्यामुळे एका धावत्या पंख्याऐवजी दोन संथ पंखे लावले तर हवा तेवढीच राहते आणि आवाज घटतो. याच कारणाने ८० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा १२० चा बरा: मोठी पाती कमी फेऱ्यांत तेवढीच हवा हलवतात.

वेग उतरवायची सोय बहुतेक वेळा बायोसमध्येच असते. 'स्मार्ट फॅन' किंवा तशाच नावाखाली. चार पिनांच्या पंख्याचा वेग मदरबोर्ड संकेत देऊन बदलतो, तीन पिनांच्या पंख्याचा व्होल्टेज कमी करून. कॅबिनेटचा पंखा थेट एसएमपीएसच्या वायरीला जोडलेला असेल, तर तो कायम १२ व्होल्टवर, पूर्ण वेगाने पळत राहणार. तशा पंख्याच्या जागी मदरबोर्डला जोडता येईल असा तीन किंवा चार पिनांचा पंखा लावावा.

गैरसमज ४ : कॅबिनेटचं झाकण काढून ठेवलं की संगणक थंड आणि शांत राहतो.

वस्तुस्थिती : झाकण असतं म्हणून हवा समोरून आत येऊन मागून बाहेर जाते. ते काढलं की हा प्रवाह विस्कटतो, आतला आवाज सरळ कानावर येतो आणि धूळ, पाली, उंदीर यांना दार मोकळं होतं. झाकण काढल्यावर तापमान खरंच उतरत असेल, तर समोरची जाळी तुंबली आहे किंवा कॅबिनेट कोंदट जागी आहे, एवढंच त्यातून कळतं. कॉम्प्युटर टेबलच्या खालच्या कप्प्यात मागची फळी बंद असली की बाहेर टाकलेली गरम हवाच पुन्हा आत ओढली जाते. फळी काढा किंवा कॅबिनेट बाहेर घ्या.

गैरसमज ५ : खरखरणाऱ्या पंख्यात खोबरेल तेलाचे दोन थेंब टाकले की झालं.

वस्तुस्थिती : खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास थिजतं. डिसेंबरच्या सकाळी नाशिक-पुण्यात बाटलीचं जे होतं तेच बेअरिंगमध्ये होतं. तेल घालायचंच तर शिलाई मशीनचं, स्टिकर उचलून, एकच थेंब. तेही स्लीव्ह बेअरिंगच्या पंख्यात. बॉल बेअरिंग खरखरत असेल तर पंखा बदलावा.

एसएमपीएसच्या पंख्याला तेल घालायला मात्र डबा उघडू नये. २३० व्होल्टचा पुरवठा आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार टिकून राहू शकतो. तिथला पंखा खरखरत असेल तर जाणकाराकडे द्या किंवा एसएमपीएस बदला.

गैरसमज ६ : आतून फोम किंवा थर्माकोल लावला की आवाज दबतो.

वस्तुस्थिती : पातळ फोम चिरका आवाज थोडा शोषतो, पण घुमणारा आवाज त्यातून आरपार जातो. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते. ती कंपनं स्क्रूंमधून पत्र्यात उतरतात आणि अख्खं कॅबिनेट गुणगुणतं. यावर उपाय म्हणजे डिस्क आणि पत्रा यांच्यामध्ये रबरी वॉशर, नाहीतर सरळ एसएसडी. तिच्यात फिरणारा भागच नाही, आणि जुन्या साटा पोर्टवरही विंडोज उघडायचा वेळ चांगलाच कमी होतो. थर्माकोल तर लावूच नये: हवा अडते, पंखे पळतात आणि तो पेट घेतो.

गैरसमज ७ : पंखा हळू केला की प्रोसेसर जळेल.

वस्तुस्थिती : सीमा ओलांडायच्या आत प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि फारच तापला तर मशीन बंद होतं. कोअर आय मालिकेतल्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरसाठी ही सीमा १०० अंश सेल्सियसच्या आसपास आहे. भरपूर काम असताना ६५-७० अंश दिसले तर घाबरायचं कारण नाही. २००४ च्या प्रेस्कॉट पेंटियम ४ पैकी काही १०० वॉटच्या वर जात. २००६ चे कोअर २ डुओ ६५ वॉटचे आणि २०१२ च्या सुमाराचे कित्येक आय-३ ५५ वॉटचे. एवढी उष्णता संथ पंख्यालाही झेपते. फक्त पंख्याचा वेग जानेवारीत ठरवून मोकळं होऊ नका. हीटसिंक खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही, म्हणून विदर्भातल्या मे महिन्यात तोच वेग पुन्हा तपासावा लागतो.

गैरसमज ८ : शांत संगणक हा पैशाचा खेळ आहे.

वस्तुस्थिती : साफसफाई आणि पेस्ट किरकोळ खर्चाची, बायोसमधला बदल फुकट. त्यानंतरही जो भाग सर्वांत जास्त ओरडतोय, तेवढाच बदलायचा. वॉटर कूलिंगच्या वाटेला जाऊ नका; त्यात पंखे असतातच, वर पंपाची भर पडते. लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या दुकानात पंखा घेताना नुसते मिलिमीटर सांगू नका. पिना किती आणि कमाल आरपीएम किती, हेही विचारा. रंगीत दिव्यांचा आवाजाशी काही संबंध नाही.

थांबायचं कुठे? छताचा पंखा बंद करून, रात्री, रोजच्या खुर्चीत बसून ऐका. कॅबिनेटला कान लावल्यावरच जो आवाज कळतो, त्याच्यासाठी पुढचा पंखा विकत घ्यायची गरज नाही.