बाईच्या पट्टीत गाणारा पुरुष

भजनाला पेटी निघाली की बुवांची पट्टी काळी एक-दोन आणि आपली काळी चार-पाच, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आज ओळख करून घेऊ या बायकांच्या पट्टीत गाणाऱ्या एका पुरुषाची. ते आहेत स्पेनचे शावियेर साबाता. अशा गायकाला तिकडे काउंटरटेनर म्हणतात.

साबाता यांचा जन्म 1976 साली, कातालोनियातल्या अविया या लहानशा गावी झाला. आधी ते बार्सिलोनात नाटक शिकले. गाण्याचं शिक्षण त्यानंतरचं. काही बार्सिलोनात, काही जर्मनीतल्या कार्ल्सरूह शहरात.

हा आवाज निघतो कसा? गळ्यात दोन स्वरपट्ट्या असतात. पुरुषाच्या लांब आणि जाड, म्हणून त्याचा आवाज खालचा. काउंटरटेनर त्या ताणून पातळ करतो, मग मुख्यतः त्यांच्या कडाच थरथरतात. चेष्टेत असा आवाज पुष्कळजण काढतात, पण तो पोकळ असतो. त्यात ताकद भरायची तर श्वासावर वर्षानुवर्षं मेहनत लागते. बोलताना मात्र हे गायक इतर पुरुषांसारखेच बोलतात.

पण पुरुषांसाठी अशी उंच गाणी लिहिली का गेली? इटलीत चर्चमध्ये बायकांनी गायचं नाही, अशी बंदी होती. रोममध्ये तर रंगमंचावरही मज्जाव. उंच आवाज मात्र हवाच होता. म्हणून आवाज फुटायच्या आधीच मुलांना खच्ची करत, बैलाला करतात तसं. त्यातले थोडेच नावारूपाला आले. लोकांना तो आवाज इतका आवडला, की संगीत नाटकातले राजे, सेनापतीही त्याच आवाजात गाऊ लागले. 1724 साली हँडेल या संगीतकारानं लंडनमध्ये ज्युलियस सीझरची भूमिका सेनेसिनो या अशाच गायकासाठी लिहिली. या परंपरेतला शेवटचा नामवंत गायक, मोरेस्की, 1922 साली वारला.

आता त्या भूमिका बायका करतात, आणि काउंटरटेनरही. साबाता यांनी 2013 साली हँडेलच्या नाटकांतल्या फक्त खलनायकांच्या गाण्यांचा संग्रह काढला. क्रूर राजा तामेर्लानोही त्यांनी गायला. तिथे नाटकाचं शिक्षण कामी येतं.

बंदी बाईवर होती, सुरी लेकरावर चालली. आज तीच गाणी रियाजाच्या बळावर गायली जातात. तेव्हा गावातल्या एखाद्या मुलाला ‘बायकी आवाजाचा’ म्हणून कुणी हसलं, तर त्यांना एवढं जरूर सांगा.