कोल्हापुरीचा मालक कोण?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या कुठल्याही घरी परगावचा पाहुणा आला की अंबाबाईचं दर्शन आणि रंकाळ्यावरची फेरी उरकताच विचारतो, ‘चप्पल कुठं घ्यायची?’ त्या प्रश्नापायी मी वर्षानुवर्षं चप्पल लाइन, सुभाषनगर, जवाहरनगर पालथं घालत आलो आणि पुढे पार कर्नाटकातल्या अथणीपर्यंत गेलो.

अस्सल कोल्हापुरी पारखणं अवघड नाही. तळ म्हशीच्या कातड्याचा, तोही बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेला. तळाचे थर कातड्याच्याच वादीनं शिवलेले, खिळा कुठेही नाही. प्रकार कापशी असो की कुरुंदवाडी, कान, पट्टा, अंगठा हे सगळं हातानंच बसवलेलं. वेणी मात्र बसून बघावी अशी. शेळीच्या मऊ कातड्याच्या दोऱ्यासारख्या पट्ट्या कापायच्या, त्या ओलसर असतानाच गुंफायच्या आणि पीळ कुठेही सैल पडू द्यायचा नाही. हे काम बहुतेक घरांत बायका करतात. दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव कधीच नसतं, याचा मला राग येतो.

अथणीकडे गेलं की हरळय्यांची कथा कानावर येते. बाराव्या शतकातल्या कल्याणचे (आजचं बसवकल्याण) हे समगार, म्हणजे चामड्याचं काम करणारे, आणि बसवण्णांच्या अनुयायांपैकी एक शरण. त्यांच्या एका नमस्काराला बसवण्णांनी दोनदा नमस्कार केला. त्या ऋणातून उतराई व्हायला हरळय्या आणि त्यांच्या पत्नीनं स्वतःच्या मांडीच्या कातडीचे जोडे शिवून दिले, असं लिंगायत परंपरा सांगते. पुढे त्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसांच्या मुलीशी झालं आणि बिज्जळ राजानं दोन्ही व्याह्यांना हत्तीच्या पायाला बांधून फरफटत मारलं. कोल्हापुरीचा इतिहास सांगताना आपण शाहू महाराजांपासून सुरुवात करतो, ते योग्यच आहे. पण सीमेपलीकडचा हा पूर्वज आपण गाळतो.

सरकारी कागदानं मात्र सीमेपलीकडचा भाग गाळलेला नाही. 2019 साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात आठ जिल्हे आहेत : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमावादात एकमेकांचं तोंड न पाहणारी दोन राज्यं चपलेसाठी एका अर्जावर आली. आपल्याकडे पुष्कळांना अथणीचा जोड ‘डुप्लिकेट’ वाटतो. तो गैरसमज या कागदानं संपायला हवा.

पण त्याच कागदात मेख आहे. मानांकनाचे नोंदणीकृत मालक म्हणजे दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळं. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या मंचावर अगदी कोल्हापुरीसारखे सँडल नाव न घेता दाखवले आणि वादळ उठलं. जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं प्राडाविरुद्धची जनहित याचिका फेटाळली. याचिका करणारे तुम्ही कोण, दाद मागायची तर नोंदणीकृत मालकांनी यावं, असा न्यायालयाचा रोख होता. कायद्यानं ते बरोबर असेल. पण मग रापी-आरी घेऊन बसणाऱ्यानं जायचं कुठं?

याचं एक उत्तर मेक्सिकोत सापडलं. तिथं ‘वाराचे’ नावाचे कातडी पट्ट्यांचे विणलेले सँडल शतकानुशतकं बनतात. प्राडाच्या प्रकरणानंतर दोनच महिन्यांत आदिदासवर ओहाकामधल्या यालालाग गावच्या वाराचेची नक्कल केल्याचा आरोप झाला. कंपनीच्या प्रतिनिधींनी त्या गावात येऊन जाहीर माफी मागितली. 2022 च्या कायद्यानं तिथल्या आदिवासी समाजांना आपल्या वारशाचे सामूहिक मालक मानलं आहे. माफी महामंडळाच्या कार्यालयात नव्हे, गावात मागितली गेली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे प्राडाचं पथक त्याच वर्षी जुलैत कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटलं. डिसेंबरात दोन्ही महामंडळांशी करार झाला : दोन हजार जोड इथंच बनणार, किंमत जोडामागे सुमारे 800 युरो. वेणी घालणारीच्या हातात त्यातलं किती पडतं, हे महामंडळांनी जाहीर करावं. तोवर पाहुण्यांना माझं सांगणं एवढंच. महाराष्ट्राच्या महामंडळानं आता कारागिराची माहिती देणारा क्यूआर कोड आणला आहे, तो मागा. नसेल तर दुकानदाराला सरळ विचारा, ‘हा जोड कुणी शिवला, कुठं शिवला?’ नाव-गाव सांगणारा दुकानदार भेटला तर शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करू नका.