मोबाइलवरचा आळ

सफाळ्याहून दातिवऱ्याला जाणाऱ्या एसटीत दोन गोष्टींवर प्रत्येकाचं मत तयार असतं: बोंबलाच्या भावावर आणि दुसऱ्याच्या पोरावर. तीन वर्षांचं मूल बोलत नाही, हाक मारली तरी वळून बघत नाही, एवढं कळलं की शेवटचा थांबा यायच्या आत निदान होऊन जातं. ‘आईने हातात मोबाइल दिला, दुसरं काय!’

हा आळ तारखांच्या हिशेबातच टिकत नाही. लिओ कॅनर या डॉक्टरांनी स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांचं सविस्तर वर्णन 1943 साली अमेरिकेत केलं. ती अकरा मुलं होती. त्या वेळी तिथेही घराघरांत टीव्ही आलेला नव्हता. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते 1972 मध्ये आणि भारतातला पहिला मोबाइल कॉल लागला 31 जुलै 1995 रोजी. स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतली वेगळी वाट आहे. तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो आणि तिची सुरुवात बहुतेकदा जन्माआधीच झालेली असते. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हे नाव व्हिडिओंमध्ये फार फिरतं, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात असं कुठलंही निदान नाही.

म्हणून मोबाइल निर्दोष सुटला असंही नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाभरापलीकडे जाऊ नये, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. मूल पडद्यासमोर बसलं की घरातल्यांचं त्याच्याशी बोलणं कमी होतं आणि बोली लांबते. अशा मुलाचा मोबाइल काढून त्याच्याशी गप्पा वाढवल्या की ते बोलू लागतं, आणि मग ‘ऑटिझम बरा झाला’ म्हणून व्हिडिओ निघतो. बरी झाली ती लांबलेली बोली. शिवाय पुष्कळ घरांत क्रम उलटा असतो. मूल आधीपासूनच बेचैन असतं, रात्र रात्र झोपत नाही, फक्त पडद्यापुढे शांत बसतं, म्हणून आई फोन देते. शेजाऱ्यांना तेवढा फोनच दिसतो.

खरा आरोपी अर्थात फोन नसतो, आई असते. आणि ही खोड काही आपलीच नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते की आईची माया थंड असली की मूल स्वमग्न होतं. 1964 साली बर्नार्ड रिमलंड यांनी पुस्तक लिहून तो सिद्धांत खोडून काढला. ते मानसशास्त्रज्ञ तर होतेच, पण एका स्वमग्न मुलाचे वडीलही होते. तेव्हा आईच्या मायेला बोल लावत, आता तिच्या रिचार्जला.

‘लसीमुळे ऑटिझम होतो’ हे प्रकरण थोडक्यात आटोपतो, कारण ते केव्हाच निकाली निघालंय. 1998 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तसं सुचवणारा, अवघ्या बारा मुलांवरचा एक लेख छापला. 2010 मध्ये तो मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याच्या प्रमुख लेखकाचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास झाला. त्यात गोवरप्रतिबंधक एमएमआर लसीमुळे स्वमग्नता वाढल्याचं दिसलं नाही. फॉरवर्ड मात्र अजून 1998 मध्येच आहे.

आता त्याच मोबाइलची दुसरी बाजू. न बोलणाऱ्या मुलाला चित्रं दाबून बोलता यावं म्हणून ॲप असतात. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या अभिकल्प विभागात तयार झालेलं ‘जेलो’ मोफत आहे आणि मराठीतही चालतं. चित्र दाबलं की फोन ते मोठ्याने म्हणतो. ‘यामुळे पोर आळशी होईल, तोंडाने बोलणारच नाही,’ ही भीती हमखास ऐकू येते. अभ्यास सांगतात की अशा साधनांनी बोली अडत नाही, काही मुलांची उलट थोडी वाढते. गैरसमज आणखीही आहेत. हळदीच्या डीजेसमोर एखादा स्वमग्न मुलगा कानांवर हेडफोन चढवून उभा असेल, तर ती ऐट नव्हे. तो आवाज त्याला सहन होत नाही. आणि स्वमग्न म्हणजे गणितात जादूगार, हा सिनेमाने लावलेला शोध आहे. असे थोडे असतात. बाकीच्यांना चारचौघांसारखं साधं आयुष्य हवं असतं.

मोबाइलवर ठपका ठेवायचाच असेल, तर तो पुढे धाडलेल्या निरोपांवरून ठेवावा. ‘इतक्या जणांनी पाठवलंय, काहीतरी खरं असणारच’ हा गैरसमज सर्वांत महाग पडला, आणि तो आपल्याच जिल्ह्यात. व्हॉट्सॲपच्या निरोपावरचे दोन बाण एवढंच सांगतात की तो पाच किंवा त्याहून जास्त हातांतून आलाय. तो खरा आहे असं ते सांगत नाहीत. असा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा नियम व्हॉट्सॲपने 7 एप्रिल 2020 रोजी जाहीर केला. 16 एप्रिलच्या रात्री डहाणू तालुक्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक जमावाने मारले. मुलं पळवणारे, चोर फिरताहेत, अशी अफवा त्या भागात आधीपासून होती. अफवेला फोनही लागत नाही. ती तोंडोतोंडी पोहोचते, आणि ॲपचे नियम तिथे चालत नाहीत.

स्वमग्न मुलांच्या आईबापांना यात वेगळी धास्ती आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. वीस वर्षांचा तरुण एकटाच समुद्राकाठी निघालाय, नजर देत नाही, ‘कुठला रे तू?’ विचारलं तर तोच प्रश्न परत म्हणतो. अफवेने पेटलेल्या गावात त्याच्याइतका संशयास्पद माणूस दुसरा दिसणार नाही.

‘व्हिडिओ घरच्याच ग्रुपवर तर टाकला’ हाही असाच एक गैरसमज. मूल जमिनीवर लोळून आक्रोश करतंय, आणि कुणी मामा किंवा काकी त्याचा व्हिडिओ हसण्याच्या चिन्हासकट पाठवते. ‘सर्वांसाठी डिलीट’ केल्याने चॅटमधला व्हिडिओ जातो. कुणी आधीच पुढे धाडलेला किंवा जपून ठेवलेला जात नाही. ते मूल दहावीला जाईल तेव्हाही तो कुणाच्या तरी फोनमध्ये असेल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता स्पष्टपणे नोंदलेली आहे. त्याच्या 92 व्या कलमानुसार दिव्यांग व्यक्तीचा लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान केल्यास सहा महिने ते पाच वर्षं कैद होऊ शकते. थट्टेच्या रील बनवणाऱ्यांनी ते वाचून ठेवावं.

शेवटचा गैरसमज प्रेमळ असतो आणि नुकसानही तोच जास्त करतो: ‘बापही उशिराच बोलला होता, थांबा जरा.’ थांबू नका. मूल वर्षाचं होऊनही नावाला प्रतिसाद देत नसेल, बोट दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल किंवा येत असलेलं बोलणं गेलं असेल, तर अंगणवाडीताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, विकासातल्या अडचणी हा त्याच्या तपासणीचाच भाग आहे आणि पुढची सोयही तेच सांगतं. आधी कानांची तपासणी करून घ्या, कारण ऐकू न येणारं मूलही हाकेला वळत नाही.