जोडलेली काच का तडकते?

भट्टीत सुमारे ८०० अंश सेल्सिअसला दोन काचा एकजीव होतात. पण गार झाल्यावर, कधी काही दिवसांनी, जोड तडकतो. असे का?

खिडकीची साधी काच ५०० अंशांनी थंड झाली, तर १० सेंटिमीटर लांबीमागे सुमारे ०.४५ मिलिमीटर आकसते. प्रयोगशाळेतील बोरोसिलिकेट काच जेमतेम ०.१७. चिकटलेल्या काचांना वेगवेगळे आकसता येत नाही, म्हणून ताण साठतो.

हा ताण आपण पाहू शकतो. पोलरॉइडच्या दोन पट्ट्या प्रकाश अडेल अशा धरून मध्ये जोड ठेवू. भोवती उजळ वलय दिसले, तर ताण आहे. आता एकाच काचेचे दोन तुकडे तसेच जोडून पाहू. तिथेही वलय असेल, तर काच घाईने थंड झाली. नसेल, तर निवड चुकली.