प्रयोगशाळेत आतडे तयार होते का? रुग्णांनी काय समजून घ्यावे

आतड्याला पीळ पडला किंवा त्याचा रक्तपुरवठा बंद झाला, तर सडलेला भाग कापून टाकावाच लागतो. ऑपरेशननंतर रोहिणखेडला परत आल्यावर नातेवाईक मोबाइलवरची बातमी दाखवून विचारतात, "डॉक्टर, आता नवीन आतडं बनवतात म्हणे?"

आतडे कमी पडले तर

मोठ्या माणसाचे लहान आतडे सुमारे 6 मीटर लांब असते. ते 200 सेंटिमीटरपेक्षा कमी उरले, तर खाल्लेले अन्न, पाणी आणि क्षार अंगी न लागण्याचा धोका असतो. याला शॉर्ट बॉवेल सिंड्रोम म्हणतात. काहींना शिरेतून पोषण द्यावे लागते.

संशोधन कुठवर आले?

आतड्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते. हे काम त्यातील मूळपेशी म्हणजे स्टेम सेल करतात. 2009 मध्ये नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी उंदराच्या अशा एकेका पेशीपासून प्रयोगशाळेत छोटे आतडे-गोळे वाढवले. पण गोळा म्हणजे आतडे नव्हे. कारल्याच्या वेलाला मांडव लागतो, तसा पेशींना आकार देणारा सांगाडा लागतो. 2015 मध्ये अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाने रेशमाच्या प्रथिनाचा पोकळ, सच्छिद्र सांगाडा वापरला. 2020 मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटच्या गटाने आजारी मुलांच्या आतड्यातील पेशी घेतल्या आणि मूळ पेशी धुऊन काढलेल्या आतड्याच्या सांगाड्यावर त्या वाढवल्या. तयार झालेले अस्तर प्रयोगशाळेत अन्नघटक पचवू व शोषू लागले आणि उंदरांच्या शरीरात काही दिवस टिकले.

पेशी रुग्णाच्याच असल्याने शरीर त्या नाकारण्याची भीती कमी राहील, ही यातली मोठी आशा आहे. पण हे फक्त अस्तर आहे. अन्न पुढे ढकलणारे स्नायू, नसा आणि रक्तवाहिन्या जोडणे हे अवघड काम बाकी आहे. म्हणून दवाखान्यात मिळणारा उपचार म्हणून याकडे आज पाहू नका.

आज तुम्ही काय करावे?

- किती सेंटिमीटर आतडे उरले आणि मोठे आतडे जोडलेले आहे का, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. पुढचे उपचार त्यावर ठरतात.
- जुलाब जास्त असतील तर नुसते पाणी पीत राहू नका. त्याने क्षार आणखी कमी होऊ शकतात. ओआरएस किती घ्यायचे ते डॉक्टरांना विचारा.
- थोडे थोडे, दिवसातून अनेकदा खा.
- पोषणासाठी शिरेत नळी असेल आणि थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.
- लघवी फार कमी झाली, चक्कर आली किंवा वजन घटू लागले, तर थांबू नका.

"स्टेम सेलने आतडे वाढवतो" म्हणून कोणी पैसे मागितले, तर शेत गहाण ठेवू नका. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्टेम सेलच्या संशोधन-चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. आधी तुमच्या सर्जनना किंवा पोटविकारतज्ज्ञांना कागद दाखवा.

उरलेले आतडेही महिनोन्महिने जुळवून घेत काम वाढवते. काही रुग्णांची शिरेतल्या पोषणाची गरज त्यामुळे हळूहळू कमी होते. त्या आतड्याला सांभाळणे हाच आजचा खरा उपचार आहे.